उसनी मांजर

१६ ऑक्टोबर. मधल्या खोलीतलं सगळं सामान ओसरीवर काढलं आहे आणि मी उकिडवी बसून भिंतीच्या कडेची बिळं बुजवते आहे. घमेल्यात सिमेंट कालवलेलं, बाजूला कागदावर काचेचा चुरा. नुसतं सिमेंट उंदीर उकरून टाकतो. काच घातली की त्याची हौस फिटते. दोन-तीन दिवसांत सोयाबीन घरात येईल. पोती लागली की मग भिंतीपर्यंत हात पोचत नाही. जे करायचं ते आत्ताच.

थोरल्या जाऊबाई आल्या तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत राखाडी झाले होते. त्या गावाबाहेर डांबरी रस्त्याला लागून असलेल्या नव्या घरात राहतात. एकट्याच. भाऊजी गेले, मुलं पुण्याला. काखेत रिकामं पोतं, नीट घडी घातलेलं.

"काय करून राह्यली वं?"

"बिळं बुजवून राह्यली."

"तुले काय गरज त्याची? तुयापाशी मांजर हाये." आणि पोतं दाराजवळच्या खुंटीला अडकवत म्हणाल्या, "उद्या सकायी नेते तिले. चार रोजानं आनून देते. मायं पोतं तेवढं जपून ठेवजो, नवं हाये."

"बाई, मांजर द्याची नाही मले."

"इचारलं कोनं तुले? सांगून राह्यली मी."

आणि गेल्या. चहासुद्धा न घेता. मांजर पिठाच्या डब्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिने एकदा पोत्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. मी मात्र हातातलं सिमेंट घट्ट होईपर्यंत त्या खुंटीकडे पाहत बसले. शेवटी पाणी घालून पुन्हा कालवावं लागलं. संताप आला की माझी कामं दुप्पट होतात, हा माझा जुना अनुभव आहे.

ऑक्टोबर आला की आमच्या भागातली घरं एकदम अरुंद होतात. सोंगणी झाली, थ्रेशर फिरलं, की पलंग उभे होतात आणि पोती आडवी होतात. माणसं अंग चोरून चालतात. भाव वाढेल या आशेवर जो तो माल घरात धरून बसतो आणि त्या मालाच्या उरावर जेवतो, झोपतो, पाहुण्यांना बसवतो. सोयाबीनच्या पोत्यांना एक कोंदट, कच्च्या शेंगेसारखा वास असतो. तो पांघरुणात शिरतो, चहात शिरतो. कुटाराची, म्हणजे मळणीच्या भुशाची, धूळ मानेवर बसते आणि दिवसभर खाजवत राहते. बाहेर शेतात मात्र तूर तेवढी हिरवी उभी असते आणि तिच्या ओळींमधली जमीन मोकळी, उन्हात उघडी पडलेली. शेत मोकळं झालं की उंदरांचंही बिऱ्हाड हलतं. त्यांनी तरी कुठे जायचं? माल जिथे गेला तिथे ते येतात.

या दिवसांत आमच्याकडे तीन वस्तू घरोघर फिरतात. ताडपत्री, वजनकाटा आणि मांजर. ताडपत्री फाटून येते. काटा बिघडून येतो. मांजर बहुधा येतच नाही. उंदीर सरले की कोणी दार उघडं टाकतं, कोणी तिला पुन्हा पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून येतं. मांजर मारली तर मोठं पाप लागतं, हे सगळ्यांना पाठ आहे. सोडून दिली तर काय लागतं, हे कोणीच सांगत नाही. ताडपत्री हरवली तर तीन पिढ्यांची भांडणं निघतात. मांजर हरवली तर म्हणतात, "मांजरच ते, दुसरी पाहून घे."

आमची मांजर आली त्या वर्षीही असाच ऑक्टोबर होता. त्याआधी आमच्याकडे मांजर नव्हती आणि मला तिची हौसही नव्हती. पण उंदरांनी पोत्यांचे कोपरे फोडले, शिलाई मशीनचा पट्टा खाल्ला, आणि एक दिवस ह्यांच्या मोटारसायकलची वायर कुरतडली. पट्टा खाल्ला तोवर ह्यांना उंदीर म्हणजे घरचेच वाटत होते. वायर तुटल्यावर मात्र "काहीतरी कराच लागते" असं ठरलं.

अमडापूरला माझी शाळेतली मैत्रीण आहे, शोभा. तिच्याकडे मांजरांची कमी नाही. "ये अन घेऊन जाय," म्हणाली. मी गेले ते टोमॅटोचे दोन रिकामे क्रेट घेऊन. आम्ही भाजीपाला करतो, क्रेट घरात पडलेलेच असतात. एकात खाली फडकं घातलं, मांजर ठेवली, दुसरा वर उपडा मारला आणि चारी बाजूंनी सुतळीने बांधून टाकला. हवा आत येते, मांजर बाहेर येत नाही, आणि तिला सगळं दिसतं. माझ्या मते हा सरळ हिशोब होता.

शोभाची सासू ओट्यावर पोतं घेऊनच बसली होती. क्रेट पाहून त्यांचा हात हवेत राहिला.

"अवं, हे काय? वाट दिसन ना तिले!"

"दिसू द्या."

"माय वं! मंग ते राह्यते का तुयापाशी?"

काळीपिवळी जीपमध्ये क्रेट मांडीवर घेऊन बसले तर तिथेही तेच. शेजारी एक आजोबा होते, डोक्याला रुमाल, हातात औषधाची पिशवी. त्यांनी फटीतून आत पाहिलं, मांजरीने बाहेर पाहिलं.

"बाई, मांजर पोत्यात आनतात."

"माहीत हाये."

"वाट पाह्यली का तिनं, संध्याकायपर्यंत वापस जाते."

"गेली तं जाऊ द्या."

"जाऊ द्या म्हने! मंग आनता कायले?"

सगळी गाडी हसली. मागच्या सीटवरची एक बाई म्हणाली, "शहरातली असन." मी मागे वळून सांगितलं की माझा जन्म याच तालुक्यातला आणि माझ्या मांडीवर क्रेट आहे, पर्स नाही. मग उतरेपर्यंत सगळे त्या क्रेटकडे असं पाहत होते जणू मी काहीतरी नासवते आहे.

मला तो पोत्याचा प्रकार कधीच पटला नाही. एखाद्या जिवाला अंधारात कोंबायचं, गाडीत हादरवायचं, अनोळखी घरात ओतायचं, आणि मग म्हणायचं, बघा कशी राहिली. वाट माहीत नाही म्हणून जी राहिली, ती राहिली कुठे? ती अडकली. मला घरात उंदीर धरणारी मांजर हवी होती. दाराकडे डोळे लावून बसणारी नको होती. जायचं असेल तर जा बाई, रस्ता हा असा आहे, हा पूल, हे कापसाच्या जिनिंगचं पत्र्याचं छप्पर, ही शाळा, हे आमच्या गावाचं वळण. राहायचं असेल तर हे सगळं माहीत असून राहा.

घरी पोचले तोवर बातमी माझ्या आधी पोचली होती. जाऊबाई पायरीवर हजर.

"वाटेनं आनली तं आनली," त्या म्हणाल्या. "आता चुलीभवती तरी फिरव. तीन खेपा. घर धरते मंग."

"बाई, चूल कुठी हाये माया घरी? गॅस हाये. ओट्यावर. भिंतीले लागून."

जाऊबाईंनी एक क्षण विचार केला. फक्त एकच क्षण. "मंग सिलिंडरभवती फिरव."

मी हसले. आमचे हे हसले नाहीत. त्यांनी खरोखर सिलिंडर ओट्याखालून बाहेर ओढला, नळी ताणली जाणार नाही इतपत पुढे घेतला, मांजर छातीशी धरली आणि गोल फिरायला लागले. पहिली खेप नीट झाली. दुसरीत मांजरीने त्यांच्या दंडावर चार ओरखडे काढले. तिसरी खेप त्यांनी मांजरीशिवायच पूर्ण केली, कारण ती तोवर मधल्या खोलीत धान्याच्या कोठीच्या मागे जाऊन बसली होती. "मोजली जाते का हे?" त्यांनी जाऊबाईंना विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "तुमी फिरले ना? झालं मंग."

त्यानंतर कितीतरी दिवस ती कोठीमागेच. ताटली ठेवायची, दार ओढून घ्यायचं आणि आपल्या कामाला लागायचं, एवढंच मी करत होते. बाकी घर मात्र वेडं झालं होतं. आमचे हे जमिनीवर पालथे पडून, दुधाची वाटी पुढे सरकवत, "मनी मनी मनी" असं अशा आवाजात म्हणत, की सव्वीस वर्षांच्या संसारात तो आवाज मी ऐकला नव्हता. मी तापाने फणफणले होते तेव्हाही हे दारातूनच "गोळी घेतली का?" विचारून शेताकडे गेले होते. शेजारीपाजारी येत, कोठीमागे बॅटरी मारत. "दिसली दिसली! डोये पाह्य कसे चमकून राह्यले!" मी सगळ्यांना बाहेर काढलं. म्हटलं, तुमच्या घरी नवा माणूस आला आणि पलंगाखाली बॅटरी मारून पाहिलं तर तो जेवेल का?

आणि सल्ले. सल्ल्यांचा तर पाऊसच. सगळ्यांत मोठा सल्ला असा, की तिला खायला देऊ नकोस. "उपाशी ठेव, तवाच उंदीर धरन." हे प्रत्येकाने सांगितलं. बैल पेरणीला जुंपायचा तर आधी ढेप-सरकी चारणारी माणसं, मजूर कामावर आला तर आधी चहा पाजणारी माणसं, मांजरीच्या बाबतीत मात्र ठाम, की कामाचा आणि खाण्याचा संबंध उलटा. मी विचारलं, तुम्ही उपाशी असले की जास्त काम करता का? "मांजराची गोठ येगळी असते." कशी वेगळी? "असते."

मी तिला दोन वेळा पोटभर दिलं. पोळीचा कुस्करा, ताक, कधी थोडं दूध. बाकी काही केलं नाही. हाक मारली नाही, नाव ठेवलं नाही, ओढून बाहेर काढली नाही. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी ओसरीच्या दारात बसून मूग निवडत होते. सूप, दाणे, खडे, एवढाच आवाज. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की उंबऱ्याच्या आत, माझ्यापासून हातभर अंतरावर, ती बसली आहे. माझ्याकडे पाहत नव्हती. अंगणातल्या उन्हाकडे पाहत होती. मीही तिच्याकडे पाहिलं नाही. खडे वेचत राहिले. निवडून झाल्यावर सूप उचलून आत गेले तेव्हा ती बाजूला झाली, पळाली नाही. एवढ्यावर आमचं जमलं. संध्याकाळी ती पिठाच्या डब्यावर चढून बसली. दारही दिसतं, चूलही, म्हणजे गॅस, आणि मधल्या खोलीतली पोतीही. जागा तिची तिने निवडली. ती आजही तिची आहे. पीठ काढायचं तर मला तिला आधी उतरवावं लागतं, आणि ती दर वेळी नाराज होते.

मग उंदीर पडायला लागले. रोज सकाळी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर एक ठेवलेला. आणि आमच्या मांजरीचं नाव झालं.

नाव झालं की माणसाला त्रास होतो, मांजरीला तर होणारच. "काकू, दोन रोज तुमची मांजर द्या ना." "मावशी, मायंवाल्या घरी उंदरांनं उच्छाद मांडला." मी सगळ्यांना एकच सांगितलं, आत्ता कुठे ती रुळते आहे, हलवायची नाही. लोक असे पाहायचे जणू मी विहिरीचं पाणी नाकारलं. विरजण मागितलं तर देते ना? मग मांजर का नाही? विरजणाला भीती वाटत नाही, हे मी तोंडावर आणायची आणि गिळायची.

एका संध्याकाळी थ्रेशरवरून घरी आले. नाकात, कानात, डोळ्यांत कुटार. हातपाय धुऊन आत गेले तर पिठाच्या डब्यावर कोणी नाही.

"मांजर कुठी हाये?"

हे मोबाइलमध्ये बाजारभाव पाहत होते. मान वर न करता म्हणाले, "वहिनीनं नेली. दोन रोजासाठी."

"तुमी देली?"

"थोरल्या वहिनीले नाही कसं म्हनू?"

"कशात नेली?"

"पोत्यात. मंग काय पालखीत?"

त्या रात्री मी स्वयंपाक केला, वाढला, ताटं आपटत. सकाळी उजाडल्याबरोबर जाऊबाईंच्या घरी गेले. त्यांनी मांजर पोत्यांच्या खोलीत कोंडून ठेवली होती. उपाशी, अर्थातच. पहाटे डोकावायला म्हणून दार किलकिलं केलं, आणि पायांमधून ती निघून गेली होती.

"गेली पयून," जाऊबाई म्हणाल्या. आणि वर, "तूच तं वाट दाखवली होती तिले. पोत्यात आनली असती तं झालं असतं का असं?"

मला भयंकर राग आला. पोत्यात तुम्ही नेली. कोंडली तुम्ही. उपाशी तुम्ही ठेवली. आणि चूक माझी, कारण मी तिला बाहेरचं दिसू दिलं! आमच्या घरून जाऊबाईंच्या घरापर्यंतची वाट तिने पाहिलीच नव्हती. त्या घरातून बाहेर पडली तेव्हा ती कुठे आहे हे तिला कसं कळणार होतं? पोत्याने वाट विसरते म्हणतात. खरंच आहे. परत यायचीही विसरते.

मी शोधायला निघाले. शोधताना कळलं, की तिला हाक कशी मारायची तेच मला माहीत नाही. नाव ठेवलेलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा भर रस्त्यात उभी राहून मी "म्याव" असा आवाज काढला. समोरच्या घरातल्या बाईने खिडकी लावून घेतली. कुटाराचे ढीग पाहिले, गोठे पाहिले, रस्त्याच्या कडेचा पूल वाकून पाहिला. शेवटी शोभाला फोन केला.

"आली का तिथी?"

"नाही वं. आली तं ठेवून घेऊ का?"

"नको. मले सांग फक्त."

म्हणजे मलाही वाटलंच होतं, की ती तिकडेच जाईल. काळीपिवळीतल्या आजोबांचं बोलणं खरं होईल. फोन ठेवल्यावर त्याचाच जास्त राग आला.

दिवस गेले. हे रोज ताटली भरून कोठीजवळ ठेवत आणि संध्याकाळी गुपचूप गायीच्या आंबोणात ओतत. लोक मात्र बोलत होते. "गेली का? म्हनलं होतं ना!" मला मांजरीपेक्षा त्या "म्हनलं होतं ना"चंच जास्त झोंबत होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते.

दिवाळीच्या आधी मी चकल्या तळत होते. कढईत घाणा सोडलेला, झारा हातात. मागच्या दाराने ती आली. अंगभर गोखरू चिकटलेले, एक कान फाटलेला, पोट खपाटीला गेलेलं. घरात शिरली, इकडे-तिकडे पाहिलं नाही, सरळ जाऊन डब्यावर चढली आणि बसली. मी घाणा काढला. गॅस बंद केला. ताटली भरून डब्याजवळ ठेवली. मग चष्मा लावून एकेक गोखरू उपटून काढला. तिने दोनदा पंजा मारला, नखं न काढता. चकल्यांचं उरलेलं पीठ त्या दिवशी वाळून गेलं. त्याचं मला काही वाटलं नाही.

जाऊबाईंचं घर ज्या डांबरी रस्त्यावर आहे, तोच रस्ता अमडापूरहून येतो. क्रेटमधून तिने पाहिलेला. रागाच्या भरात हे मला आधी सुचलंच नव्हतं. त्या रस्त्यावर आल्यावर तिला एका बाजूला जुनं घर होतं, दुसऱ्या बाजूला आमचं. ती आमच्याकडे वळली. मला तरी त्याचा दुसरा अर्थ लागत नाही. हे मी जाऊबाईंना सांगितलं. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "सिलिंडरभवती फिरवली म्हून आली." आणि आमचे हे, ज्यांनी तिसरी खेप मांजरीशिवाय मारली होती, ते दंडावरचे ओरखडे दाखवून म्हणाले, "हाव ना!"

काही माणसांशी वाद घालणं म्हणजे बिनकाचेचं सिमेंट भरणं.

आज संध्याकाळी खुंटीवरचं पोतं पाहून ह्यांनीही विचारलं, "वहिनी येऊन गेली वाटते? चार रोजाचाच तं सवाल हाये."

चार रोजाचा सवाल. हे वाक्य मला जुनं आहे. लग्न होऊन आले त्या वर्षापासून ऐकते आहे. "कमलले धाडून द्या चार रोज." कोणाच्या घरी लग्न, पोळ्या लाटायला कमल. कोणाची सून बाळंत, धुणंभांडं करायला कमल. मेहकरला मामेसासऱ्यांकडे बायका आजारी, कमल. सासूबाई हो म्हणायच्या, हे हो म्हणायचे. मला कोणी विचारत नव्हतं. सांगत होते. माझा हात चांगला, कामाचा उरक मोठा, म्हणजे माझं नाव झालेलं. अनोळखी घरात आठ-आठ दिवस दुसऱ्यांच्या चुलीपाशी बसून मी माणसं जेवू घातली, आणि तिथून निघताना कोणीतरी हळदीकुंकू लावून म्हणायचं, "पुढच्या टायमाले बी येजो." तक्रार म्हणून हे लिहीत नाही. तो काळ गेला, मी नाही म्हणायला शिकले, उशिरा का होईना. पण एक मला आजही कळत नाही. ज्यांना माझा उपयोग माहीत होता त्यांच्यापैकी एकालाही, मी कुठे बसते, मला काय आवडतं, हे माहीत नव्हतं. निदान मला परतीची एसटी माहीत होती.

"सवाल चार रोजाचा नाही," मी ह्यांना म्हटलं. "मांजर जानार नाही."

"मंग वहिनीले काय सांगशीन?"

"सांगीन मी. तुमी जेवा."

१७ ऑक्टोबर. सकाळी चहा झाल्याबरोबर मी खुंटीवरचं पोतं काढलं. त्यात अर्धी थैली सिमेंट, काचेच्या चुऱ्याचा डबा आणि थापी टाकली. घमेलं डोक्यावर, पोतं खांद्यावर. मांजर डब्यावर झोपलेली. जाऊबाई निघायच्या आत मी त्यांच्या दारात.

"हे काय? मांजर आनली का तूनंच?"

"सिमेंट आनलं."

"मांजर कुठी हाये?"

"घरी. निजली. बॅटरी आना अन धरा इथी."

त्या बडबडत राहिल्या, पण बॅटरी धरली. पोत्यांची खोली अजून रिकामीच होती, तिची एक भिंत मी पूर्ण केली. दुसऱ्या भिंतीकडे वळले तर दारामागच्या कोपऱ्यात जुन्या सुती लुगड्याची मऊ घडी घालून ठेवलेली. बाजूला स्टीलची वाटी, वाटीत दूध. ताजं.

मी वाटीकडे पाहिलं. जाऊबाईंनी बॅटरी दुसरीकडे वळवली.

"उपाशी ठेवा लागते म्हनता ना तुमी?"

"तवा ठेवली होती," त्या म्हणाल्या. मग लुगड्याची घडी सारखी करत, "रात्री आवाज येते घरात. लाइट लावली तं कोनी नसते. मांजर असली म्हंजे वाटते, मांजर असन."

मला पुन्हा राग आला. खरंच आला. एवढी साधी गोष्ट सांगायला ह्यांना पोतं लागतं!

"मंग असं सांगाचं ना, बाई! दुसऱ्याची चार रोज कायले नेता? कायमची आना."

"कायमची आनली तं तिचं करा लागते."

"कराच लागते."

हात धुतले, शोभाला फोन लावला. तिच्याकडे खाती झालेली तीन पिल्लं होतीच. घरी येऊन दोन क्रेट आणि सुतळी घेतली, रस्त्यावर उभं राहून काळीपिवळी थांबवली, जाऊबाईंना आत बसवलं. येताना क्रेट त्यांच्या मांडीवर होता. मी मुद्दाम समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. पुलापाशी त्यांनी क्रेट थोडा खिडकीकडे फिरवला. जिनिंगच्या छपरापाशी आणखी थोडा. मग पदर तोंडाशी धरून, फटीत वाकून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "हे पाह्य, हे शाया. इथून आपलं घर जवयच हाये."

त्यांच्या घरी उतरलो. पिल्लू क्रेटमधून काढलं तसं ते त्यांच्या पदराला लटकलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यासमोर उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणणार ते त्यांना माहीत होतं.

सिलिंडर ओट्याखाली भिंतीला टेकलेला होता. मी वाकून तो बाहेर ओढला, नळी ताणली जाणार नाही इतपत, आणि फिरायला जागा करून दिली.